घरच्या घरी : लाल गाडी गुलाबी होते तेव्हा

रस्त्यावर उभ्या असलेल्या एखाद्या बारा-पंधरा वर्षांच्या लाल गाडीकडे नीट पाहा. दरवाजे अजून लाल असतात. बॉनेट, टप आणि डिकी मात्र गुलाबी झालेली असते. हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी भुकटी लागते. निळ्या गाडीवर राख फासल्यासारखी पांढरट झाक येते. काळी गाडी करडी दिसू लागते. पांढऱ्या गाडीचं काही कळत नाही, पण ओलं बोट फिरवलं तर तिथेही दुधी पाणी निघतं. मालक म्हणतो, "रंग गेला, आता पेंटिंगला टाकावी लागेल." पेंटरही तेच म्हणतो, कारण त्याचं पोट त्यावर आहे आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण बऱ्याच गाड्यांचा रंग गेलेला नसतो, वरचा पापुद्रा मेलेला असतो. तो काढला की खाली खरा रंग तसाच असतो, आणि हे काम दोन सुट्टीच्या सकाळींत, दीड-दोन हजार रुपयांच्या सामानात घरी होतं. कोणत्या गाडीचं होतं आणि कोणत्या गाडीचं होत नाही, हे आधी ओळखता आलं पाहिजे. या महिन्याचं पान त्यासाठी.

रंगात दोन गोष्टी असतात : एक रंगद्रव्य आणि दुसरी त्याला धरून ठेवणारी राळ. उन्हातले अतिनील किरण ही राळ हळूहळू तोडतात. राळ तुटली की रंगाचे कण सुटे होतात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून आपल्याला पांढरट दिसतं. काळ्या फळ्यावर ओलं फडकं फिरवलं की तो पुन्हा काळा दिसतो आणि वाळला की करडा होतो, हा तोच प्रकार. गाडी धुताना "अगदी नव्यासारखी दिसते" आणि वाळली की मन खट्टू होतं, त्याचं कारण हेच. पाणी त्या खाचा तात्पुरत्या भरतं. केरोसीन किंवा डिझेलचा बोळा फिरवणारेही तेच करतात. दोन दिवस चमक, मग त्या तेलकट थरावर धूळ चिकटते आणि गाडी आणखी मळकी दिसते. ज्वलनशील पदार्थ सगळ्या गाडीला फासण्याचा धोका वेगळाच. डांबराचे शिंतोडे काढायला केरोसीनचा एक थेंब कापडावर घेऊन ती जागा लगेच धुऊन टाकली तर हरकत नाही, त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

ऊन वरून पडतं, म्हणून बॉनेट आणि टप आधी जातात. लाल रंगाची कित्येक रंगद्रव्यं उन्हाला इतर रंगांपेक्षा कमी तग धरतात, म्हणून लाल गाडी सर्वांत आधी म्हातारी दिसते.

आता महत्त्वाची गोष्ट. गाड्यांचा रंग दोन प्रकारचा असतो. जुन्या पद्धतीत पत्र्यावर प्राइमर आणि त्यावर रंग, बस. चमकही त्या रंगाचीच. नव्या पद्धतीत रंगाच्या वर पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात, आणि चमक त्या थराची असते. मेटॅलिक रंग असेल तर वर क्लिअर कोट आहे असंच धरून चाला. साध्या लाल-पांढऱ्या रंगात दोन्ही शक्यता असतात. ओळखायची रीत सोपी आहे : डिकीच्या खालच्या बाजूला, सहज नजर जाणार नाही अशा ठिकाणी, पांढऱ्या ओल्या कापडावर वाटाण्याएवढं पॉलिश घ्या आणि दहा-बारा वेळा घासा. कापडाला गाडीचा रंग लागला तर जुन्या पद्धतीचा रंग आहे. नाही लागला, कापड नुसतं मळलं, तर क्लिअर कोट आहे. ही चाचणी एकाच जागी करून थांबू नका. प्रत्येक भागावर करा. का, ते पुढे सांगते.

जुन्या पद्धतीचा रंग असेल तर खुश व्हा. कापड लाल होईल, घाबरायचं नाही, तो मेलेला रंगच निघतो आहे. क्लिअर कोट नुसता धुरकट झाला असेल, बारीक ओरखड्यांचं जाळं पडलं असेल, तरीही घरच्या पॉलिशने बराच फरक पडतो. पण तापवलेल्या दुधावरची साय सरकावी तसे पापुद्रे सुटत असतील, कडा पांढऱ्या होऊन उचलल्या असतील, तर हात लावू नका. सुटलेला थर कोणत्याही बाटलीतल्या द्रवाने परत चिकटत नाही. घासाल तितका तो आणखी सुटेल. तेवढा भाग पेंटरकडेच द्यावा लागतो. रंगाखाली फोड आले असतील तर तो गंज आहे, आणि आमच्या कोकणच्या खाऱ्या हवेत ते फार. त्यालाही पॉलिशचा काही उपयोग नाही. गंज खरवडून, प्राइमर लावून, मग रंग. विकण्यासाठी गाडी चमकवत असाल तर ती जागा घेणाऱ्याला आधीच दाखवा. तो पावसाळ्यानंतर पाहणारच आहे.

आमच्या शेजारच्या चाचांची गाडी ही अशीच लाल मारुती ८००. या गाडीचं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत बंद झालं; चाचांची २००९ ची. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून, पर्यावरण कर भरून, त्यांनी पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. दोन्ही मुलगे कुवेतला. फोनवर त्यांचं एकच, "अब्बा, आता काढून टाका ती." चाचींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. रिक्षा करायची तर पहाटे मिळत नाही आणि परत येताना चाचींना आडवं व्हावंसं वाटतं. ८०० च्या मागच्या सीटवर त्या उशी घेऊन पडतात. इंजिनाची काही तक्रार नाही. पण धाकट्या मुलाने सुट्टीत एका जुन्या गाड्या घेणाऱ्याला बोलावलं, आणि त्या माणसाने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. वरूनच पाहून भंगाराचा भाव सांगितला. पेंटरने सगळ्या गाडीचे बत्तीस हजार सांगितले. मुलगा म्हणाला, "दोन्ही हिशेब एकच सांगतात." चाचा गप्प बसले. चाची आतून म्हणाल्या, "मला न्यायला भावाची गाडी पाठवणार आहे का तू कुवेतहून?" तो परत गेला. मग मी आणि आमचा नववीतला मुलगा, आम्ही कापड आणि बाटली घेऊन त्यांच्या अंगणात गेलो.

चाचणीत दरवाजे, बॉनेट, मडगार्ड, डिकी या सगळीकडे कापड लाल झालं. टपावर मात्र नाही. मी चाचांना विचारलं तेव्हा त्यांना आठवलं की आंब्याची फांदी पडून टप चेपला होता आणि दुरुस्तीत तेवढाच भाग पुन्हा रंगवला होता, वर क्लिअर कोट मारून. तोच आता मधोमध सोलला होता. सगळ्या गाडीला एकच उपाय केला असता तर टपाची वाट लागली असती. म्हणून प्रत्येक भागावर चाचणी.

कामाला सुरुवात धुण्यापासून. सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना. पहाटेची नमाज आटोपल्यावर आम्ही लागलो ते याच कारणाने. साडेआठनंतर अंगणात ऊन येतं आणि तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लावताक्षणी सुकून चिकटतं. दोन बादल्या घ्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. कापड आधी साध्या पाण्यात पिळायचं, मग शाम्पूत बुडवायचं, म्हणजे पुसून काढलेली माती परत गाडीवर जात नाही. आमच्याकडच्या जांभ्याच्या धुळीत बारीक वाळू असते. ती कोरड्या फडक्याने झटकली की प्रत्येक वेळी रंगावर ओरखडे पडतात. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणारे लोक प्रेमाने गाडीचं नुकसान करत असतात. भांड्यांचा साबण एरवी वापरू नये, तो मेणाचा थर काढून टाकतो. पण पॉलिशच्या आधी जुनं मेण काढायचंच असतं, तेव्हा या एका वेळेला चालेल.

धुऊन पुसल्यावर एक गंमत करा. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बोटं बॉनेटवरून अलगद फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा लागेल. हे रंगात रुतलेले कण : लोखंडाचे, सिमेंटचे, झाडाच्या चिकाचे. ते काढायला क्ले बार नावाची माती मिळते, मुलांच्या खेळातल्या मातीसारखी. तिचा चपटा तुकडा करून, पत्र्यावर शाम्पूचं पातळ पाणी फवारून, जोर न लावता पुढे-मागे सरकवायची. खरखर थांबली की झालं. माती घडी घालून स्वच्छ बाजू वर आणत राहा. खाली पडली तर ती फेकून द्या, तिला लागलेला खडा आता रंगावर रेघ ओढेल. ही पायरी बरेच लोक गाळतात. गाळली तर पुढे पॉलिश करताना तेच कण कापडात अडकून गाडीभर फिरतात.

मग चिकटपट्टी. बंपरचं काळं प्लास्टिक, काचांची रबरं, दरवाज्याच्या पट्ट्या हे सगळं मास्किंग टेपने झाका. रबिंग कंपाउंड खडबडीत प्लास्टिकवर लागून वाळलं की पांढरे डाग राहतात आणि ते काढण्यात आणखी एक सकाळ जाते.

आता मुख्य काम. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात दोन वस्तू मागा, रबिंग कंपाउंड आणि पॉलिश. कंपाउंड जाड, पॉलिश बारीक. जाडने मेलेला थर काढायचा, बारीकने कंपाउंडच्या रेघा मिटवायच्या. क्लिअर कोट थोडाच धुरकट असेल तर आधी नुसतं पॉलिश वापरून पाहा. त्याने भागलं तर कंपाउंडची बाटली उघडूच नका. एका वेळी दोन फूट लांब, दोन फूट रुंद एवढीच जागा घ्या. रुपयाच्या नाण्याएवढं कंपाउंड फोमच्या गोळ्यावर किंवा ओलसर मायक्रोफायबरवर घ्या. चार बोटं सपाट ठेवून, सरळ रेषेत, आधी आडवं मग उभं, तीन-चार मिनिटं घासा. गोल गोल घासण्याची सगळ्यांना सवय असते, पण सरळ घासलं तर राहिलेल्या रेघा उन्हात कमी डोळ्यांत भरतात. वाळण्याच्या आत स्वच्छ कापडाने पुसा आणि तिरप्या नजरेने पाहा. समोरच्या भिंतीचं किंवा माडाचं प्रतिबिंब पुसट दिसू लागलं की योग्य रस्त्यावर आहात. पुन्हा एकदा करा. तिसऱ्यांदा लागलंच तर करा.

चौथ्यांदा करायचा मोह होतो, तो आवरा. प्राइमर, रंग, क्लिअर कोट असे सगळे थर मिळून साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉनचे असतात. माणसाचा केस सत्तरच्या आसपास. त्यात एकट्या क्लिअर कोटच्या वाट्याला चाळीस-पन्नास. दर वेळी कंपाउंड त्यातलं थोडं खाऊन टाकतं. म्हणून "दर ईदेला रबिंग-पॉलिश" ही जी पद्धत काही घरांत आहे ती बंद करा, पाच-सात वर्षांत पत्रा दिसेल. दरवाज्यांच्या कडा आणि बॉनेटच्या उठावदार रेषा यांच्यावर रंग मुळातच पातळ बसलेला असतो. तिथे जोर लावायचा नाही, फक्त पॉलिशचा हात फिरवायचा. आमच्या मुलाला मी त्या रेषांवर टेपच लावायला सांगितली. मुलांना "हळू घास" म्हणण्यापेक्षा टेप जास्त समजते, हा वर्गातला अनुभव.

मशीनबद्दल विचाराल. पॉलिशिंगचं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन मिळतं, त्याची गादी फिरता फिरता हेलकावेही घेते, त्यामुळे एका जागी रंग जळत नाही. कुणाकडे असेल तर जरूर घ्या, हाताचं काम निम्म्याहून कमी होईल. पण वेल्डिंगवाल्याकडचा अँगल ग्राइंडर आणून त्याला गादी लावायचा उद्योग कोणी करू नये. तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्या फिरतो. पॉलिशला हजार-दीड हजार फेऱ्या पुरतात.

एकट्या बॉनेटला आम्हाला हाताने तासाहून जास्त लागला. कापडाची आठ घड्यांची आठ तोंडं लाल झाली. चाचा खुर्ची टाकून बसले होते, पाऊण तासाने उठून स्वतःच एक कापड घेऊन दरवाज्याला लागले. त्यांच्या बोटांना आता पकड नाही, पण दरवाज्याला फारशी गरजही नव्हती. दरवाजे नुसत्या पॉलिशने उजळले.

मध्येच एक शब्दाची गोष्ट सांगते, भाषा शिकवणाऱ्या बाईला तेवढी मुभा असू द्या. मराठीत चकाकीला जिल्हई म्हणतात. जुन्या पितळी भांड्यांना, पॉलिश केलेल्या लाकडाला जिल्हई येते. उर्दूत हाच शब्द 'जिला', मूळ अरबी. शस्त्रांना धार आणि चमक देणारा तो 'सैकलगर', आणि त्याचाच आपल्याकडे झाला शिकलगार. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांत हे आडनाव असलेली घरं असतील. तलवारीचा गंज काढायचा, पण पातं झिजू द्यायचं नाही, ही त्यांची कारागिरी. बॉनेटवर कंपाउंड घासतानाही हिशेब तोच असतो.

सगळी गाडी पॉलिश झाल्यावर मेण. हे वगळलं तर आधीची सगळी मेहनत एका उन्हाळ्यात वाया जाते, कारण आता वर आलेला ताजा रंग उघडा आहे. कार्नौबा मेणाची डबी मिळते. वॅक्सपॉलसारख्या आपल्या देशी कंपन्यांची मेणंही दुकानांत असतात. अगदी पातळ थर द्या. जाड लावलं तर पुसताना नाकी नऊ येतात आणि संरक्षण काही वाढत नाही. धुक्यासारखं पांढरट दिसलं की स्वच्छ कापडाने उचला. खोबरेल तेल लावू नका. काळ्या बंपरवर ते एक दिवस छान दिसतं, मग त्यावर धूळ अशी बसते की पोतेऱ्याने निघत नाही.

चाचांच्या टपाचं काय केलं? तेवढाच पेंटरला दिला. इथे एक क्रम लक्षात ठेवा : आधी बाकीची गाडी घरी पॉलिश करायची, मग पेंटरकडे न्यायची. उलट केलं तर तो गुलाबी बॉनेटशी जुळणारा रंग बनवील आणि पॉलिशनंतर टप वेगळाच दिसेल. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, बॉनेटखाली किंवा दरवाज्याच्या चौकटीत. तो पेंटरला दाखवा, पण डोळ्यांनीही जुळवायला सांगा, कारण पंधरा वर्षांचा लाल हा कंपनीतून निघालेला लाल राहत नाही. आणि पेंटरकडे जाताच आहोत तर गाडीचा रंगच बदलू, असा विचार मनात आला तर आरसी बुकात रंग लिहिलेला असतो हे विसरू नका. तो बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते.

टपाचे चार हजार आणि आमच्या सामानाचे सतराशे. धाकट्या मुलाला चाचांनी फोटो पाठवला. त्याने विचारलं, "कोणाची घेतली?" आता ती विकायची की ठेवायची हे ते बापलेक ठरवतील, मला त्यात पडायचं नाही. पण भंगाराचा भाव सांगणारा माणूस आला, तर यापुढे त्याला निदान बॉनेट उघडून पाहावं लागेल.

हेडलाइट पिवळे पडले असतील तर तेही याच बैठकीत करून टाका. रात्री घाट उतरताना रंगापेक्षा ते महत्त्वाचे. त्या काचा काचेच्या नसतात, पॉलिकार्बोनेटच्या असतात, आणि वरचा संरक्षक थर उन्हाने गेला की पिवळ्या होतात. टूथपेस्टने घासण्याचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात बारीक घासणारे कण असतात म्हणून उजळतात, पण महिना-दोन महिनेच. नीट करायचं तर भोवतीच्या रंगावर टेप लावून, पाण्यात भिजवलेला १००० नंबरचा पॉलिश पेपर, मग २०००, मग ३०००, शेवटी पॉलिश, आणि त्यावर अतिनील किरण रोखणारा लेप. लेप दिला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा पिवळ्या. पॉलिश पेपर रंगावर मात्र घरी वापरू नका, त्याला फार सवयीचा हात लागतो.

पुढची निगा थोडकी आहे. पक्ष्याची विष्ठा दिसली तर खरवडायची नाही, ओलं फडकं त्यावर दहा मिनिटं ठेवायचं आणि उचलायचं. आंब्याखाली गाडी लावणार असाल तर चीक त्याच दिवशी धुवायचा. कव्हर घालायचं तर धुतलेल्या, वाळलेल्या गाडीवरच. धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलत राहतं आणि पॉलिश पेपरचं काम करतं. पावसाळ्यात कव्हरखाली ओल कोंडते, तेव्हा छपराखालची जागा बरी. मेणाचा हात दर दोन-तीन महिन्यांनी द्या, त्यातला एक मृग लागायच्या आत. मधल्या काळात शंका आली तर बॉनेटवर तांब्याभर पाणी ओता. टपोरे थेंब होऊन घरंगळलं तर मेण अजून आहे. चादरीसारखं पसरून बसलं तर डबी काढा.